सशाची साक्ष, उंदराची उलटतपासणी
धमन्या कठीण होणे हा म्हातारपणाचाच भाग, असे एकेकाळी डॉक्टरही मानत. १९१३ साली सेंट पीटर्सबर्ग येथे निकोलाय अनिच्कोव्ह आणि त्यांचे सहकारी खालातोव्ह यांनी काही सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेले कोलेस्टेरॉल दिले, तर काहींना नुसते तेल. पहिल्यांच्या धमन्यांत मेदाचे थर साचले, दुसऱ्यांच्या नाही. म्हणजे दोष केवळ वयाचा नव्हता.

पण उंदरांवर हाच प्रयोग फसला, आणि अनेकांनी निष्कर्षावरच शंका घेतली. कारण पुढे उलगडले. उंदराचे यकृत एका विकराच्या मदतीने जादा कोलेस्टेरॉलचे झपाट्याने पित्ताम्लांत रूपांतर करते. सशाला ते तितके साधत नाही.

वर्गातला प्रयोग फसला की आपण तो गुंडाळून ठेवतो. त्याआधी ‘का फसला?’ एवढे विचारूया.