दारात दडलेला गंज

तीन परीक्षानळ्यांचा प्रयोग आपण सर्वांनी वर्गात केला आहे. एका नळीत खिळा आणि साधे पाणी. दुसरीत उकळून गार केलेले पाणी आणि वर तेलाचा थर. तिसरीत हवा कोरडी राहावी म्हणून निर्जल कॅल्शियम क्लोराइड. पहिल्या नळीतला खिळा गंजतो, बाकीचे दोन गंजत नाहीत. गंजण्यासाठी हवा आणि पाणी दोन्ही लागतात, हा निष्कर्ष फळ्यावर लिहिला जातो आणि तो बरोबरच आहे. पण त्याबरोबर विद्यार्थी नकळत आणखी एक गोष्ट शिकतात, ती मात्र बरोबर नाही. जिथे हवा जास्त लागते तिथे गंज जास्त, असे त्यांना वाटते. तसे असते तर मोटारीचा टप सर्वांत आधी सडला असता. प्रत्यक्षात सडतो तो दरवाजाचा खालचा काठ, आणि तोही आतून, जिथे वारा पोचत नाही.

जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यातल्या तीर्थपुरीत मध्यंतरी अशी एक गाडी पाहायला मिळाली. १९९६ सालची मर्सिडीज ई-क्लास. मर्सिडीज-बेंझने १९९४ साली भारतात कंपनी काढली आणि १९९५ पासून पुण्यात टेल्कोच्या कारखान्यात या गाडीची जुळणी सुरू केली, त्यातलीच ही एक. बरीच वर्षे मुंबईत चालून मग इकडे आलेली. रंग आरशासारखा. दरवाजांच्या खालच्या भागावर प्लॅस्टिकच्या रुंद पट्ट्या असतात (या बांधणीच्या गाड्यांवर त्या १९८९ पासून आल्या). डेंटरने त्यातली एक काढली आणि पत्र्याला स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो सरळ आत गेला. मालकांचा प्रश्न मोठा रास्त होता: इथे समुद्र नाही, पाऊस बेताचा, गाडी शेडमध्ये उभी, मग हे झाले कसे?

उत्तरासाठी आधी दरवाजाची रचना पाहू. मोटारीचा दरवाजा एका पत्र्याचा नसतो. बाहेरचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. तो आतल्या पत्र्याच्या कडेवर दुमडून दाबतात, आपण करंजीला मुरड घालतो तसा. या दोन पत्र्यांमध्ये काच वर-खाली होण्यासाठी पोकळी असते. काचेवरून ओघळणारे पाणी या पोकळीत शिरतेच. रबरी पट्टी ते बरेचसे अडवते, सगळे नाही, आणि ती सगळे अडवील अशी अपेक्षाही नसते. आत आलेले पाणी बाहेर जावे म्हणून दरवाजाच्या तळाला निचऱ्याची भोके ठेवलेली असतात. आमच्या मराठवाड्याच्या उन्हात रबर कडक होऊन चिरते, पाणी जास्त शिरते. काळ्या मातीची धूळ त्या पाण्यात मिसळून भोकांशी बसते. काळी माती पाणी किती दिवस धरून ठेवते हे शेतकऱ्याच्या मुलांना सांगायला नको. शिवाय दुमडलेल्या फटीत पाणी केशाकर्षणाने चढते आणि तिथून ते सहजी सुकत नाही.

म्हणजे ओल आली. पण हवा? फटीतल्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन थोड्याच वेळात संपतो आणि नवा आत पोचायला वाट अरुंद. मग तिथे गंज थांबायला हवा. तो थांबत नाही, उलट वाढतो. हे कोडे सुटायला विज्ञानाला बराच काळ लागला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बहुतेक रसायनशास्त्रज्ञांचे मत असे होते की लोखंडाला गंज चढवते ती हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पाण्यात तयार होणारी आम्लता. अमेरिकेतल्या विलिस व्हिटनी यांनी १९०३ साली वेगळा विचार मांडला: गंजणे ही विद्युतरासायनिक क्रिया आहे. लोखंडाच्या एकाच तुकड्यावर काही जागी धनाग्र आणि काही जागी ऋणाग्र तयार होते, जणू असंख्य छोट्या बॅटऱ्याच. धनाग्रापाशी लोह आयनांच्या रूपात विरघळते, तर ऋणाग्रापाशी ऑक्सिजन आणि पाणी इलेक्ट्रॉन घेऊन हायड्रॉक्सिल आयन बनवतात. दहावीच्या पुस्तकात आज हेच आहे. मात्र धनाग्र नेमके कुठे होणार आणि ऋणाग्र कुठे, हा प्रश्न उरलाच. धातूतली अशुद्धता हे ठरवते, असे अनेकांना वाटे.

केंब्रिजमधल्या युलिक इव्हान्स (१८८९–१९८०) यांनी १९२०च्या दशकात दाखवले की धातू अगदी एकजिनसी असला तरी फरक पडतो, तो पाण्यातल्या ऑक्सिजनमुळे. ज्या भागाला ऑक्सिजन जास्त मिळतो तो ऋणाग्र बनतो आणि सुरक्षित राहतो. ज्याला कमी मिळतो तो धनाग्र बनतो आणि झिजतो. ऑक्सिजन खर्च होतो एका जागी आणि लोखंड खाल्ले जाते दुसऱ्या जागी. तीन परीक्षानळ्यांचा निष्कर्ष इथे मोडत नाही, कारण हवा लागतेच. पण ती शेजारच्या जागेला लागते. पुढे १९३२ साली इव्हान्स आणि त्यांचे विद्यार्थी टी. पी. होर यांनी या क्रियेत वाहणारा विद्युतप्रवाह मोजला आणि फॅरडेच्या नियमाने येणारी लोखंडाची घट प्रत्यक्ष घटीशी ताडून पाहिली. दोन्ही जुळल्या. माझ्या मते गंजाच्या अभ्यासाला खऱ्या अर्थाने शास्त्राचे रूप आले ते या मोजमापाने.

इव्हान्स यांचा थेंबाचा प्रयोग शाळेत सहज होतो. शंभर मिलिलिटर पाण्यात तीन ग्रॅम मीठ आणि चिमटीभर पोटॅशियम फेरीसायनाइड विरघळवा, त्यात फिनॉल्फ्थॅलीनचे काही थेंब घाला. पोलादी पत्र्याचा तुकडा पॉलिशपेपरने घासून चकचकीत करा आणि त्यावर या द्रावणाचा एक मोठा थेंब ठेवा. फेरीसायनाइड लोहाचे आयन भेटले की निळे होते आणि फिनॉल्फ्थॅलीन हायड्रॉक्सिल आयन भेटले की गुलाबी. सुरुवातीला निळे आणि गुलाबी ठिपके कुठेही, कसेही उमटतात. घाई करू नका. थेंबातला ऑक्सिजन संपत आला की चित्र बदलते: थेंबाच्या कडेला, जिथे हवेतून नवा ऑक्सिजन सहज मिळतो, तिथे गुलाबी कडे तयार होते, आणि मध्यभाग निळा होतो. दोन्हींच्या मध्ये तपकिरी गंजाची रेघ उमटते. म्हणजे लोखंड झिजते मध्ये आणि गंज दिसतो बाजूला. (फेरीसायनाइड तापवू नये, त्यात आम्ल मिसळू नये, एवढी काळजी घ्यावी.)

आता पुन्हा दरवाजाकडे वळू. दुमडलेली फट, चिखलाने बुजलेले भोक, प्लॅस्टिकच्या पट्टीमागची ओली जागा, ही सगळी थेंबाच्या मध्यभागासारखी आहेत. आजूबाजूचा ओला, मोकळा पत्रा म्हणजे थेंबाची कड. भरीस भर म्हणजे ऋणाग्राचे क्षेत्रफळ मोठे आणि धनाग्राचे छोटे. सगळा प्रवाह चिंचोळ्या जागेतून वाहतो, म्हणून पत्रा सगळीकडे थोडा-थोडा झिजण्याऐवजी एका रेषेत आरपार जातो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा लागते. त्याने बाहेरचा रंग फुगतो. तो फोड दिसतो तेव्हा आतले काम बहुधा उरकलेले असते. अशा फोडावर लांबी भरून रंग मारणे म्हणजे ओली फट आणखी घट्ट बंद करणे, हे आता वेगळे सांगायला नको.

मोटारी बनवणाऱ्यांनी मात्र या ज्ञानाच्या नेमके उलट दिशेने प्रवास केला. पूर्वी गाडीचा सांगाडा लाकडी असे. १९१४ साली अमेरिकेत एडवर्ड बड यांच्या कारखान्याने डॉज कंपनीसाठी संपूर्ण पोलादी बॉडी बनवायला घेतली. १९३४च्या सित्रोएनपासून वेगळी चासी नसलेल्या, पोकळ पत्र्याच्या पेट्या जोडून केलेल्या गाड्या रूढ होत गेल्या. गाड्या हलक्या आणि मजबूत झाल्या, आणि जिथे ब्रश पोचणार नाही अशा जागा वाढल्या. थंड देशांत बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकू लागल्यावर प्रश्न फारच चिघळला. १९५९ साली डेट्रॉइटमध्ये कुर्ट झिबार्ट या मेकॅनिकने नव्या गाड्यांच्या बंद भागांत भोके पाडून आत गंजरोधक लेप फवारण्याचा धंदाच काढला.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला फोर्ड कंपनीत जॉर्ज ब्रूअर यांनी वेगळा मार्ग काढला. सगळी बॉडी रंगाच्या हौदात बुडवायची आणि विजेच्या साहाय्याने रंगाचे कण पत्र्यावर ओढून घ्यायचे. यात गंमत अशी की आधी गाडीला धनाग्र करत, त्यामुळे रंग चढताना थोडे लोखंडही विरघळे. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात तिला ऋणाग्र करू लागले. पण पोकळ धातूच्या आत विद्युतक्षेत्र सहजी शिरत नाही, हे फॅरडेने १८३६ सालीच दाखवले होते. रंग बाहेर भराभर बसतो, पोकळीत उशिरा आणि पातळ. आणि दुमडलेल्या फटीत? तिथे हवाही पोचत नव्हती, आता रंगही पोचत नाही.

म्हणून शेवटी जस्ताकडे वळावे लागले. लोखंडाआधी स्वतः विरघळून जस्त त्याला वाचवते. आपल्या शाळेच्या छपरावरच्या पत्र्याची हीच विद्या. फ्रान्समध्ये सोरेल यांनी तिचे पेटंट १८३७ साली घेतले होते. मोटारीला ती मिळायला सुमारे १४० वर्षे जावी लागली: पोर्शेने १९७०च्या दशकाच्या मध्यात ९११ गाडीसाठी जस्तविलेपित पत्रा वापरला, ऑडीने १९८०च्या दशकात. महागडी गाडी म्हणून ती आतूनही जपलेली असेल, असे समजू नये. कुर्ल्याला बनलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या टॅक्सीचे दार सडले की मुंबईत ते रस्त्यावर सर्वांना दिसे. ऐटदार गाडीत ते पट्टीमागे, डोअर पॅडमागे आणि दाट रंगामागे राहते, इतकेच.

राहिला तीर्थपुरीचा प्रश्न. इंग्लंडमध्ये डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन यांनी १९३०च्या दशकात दाखवले की हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे साठ टक्क्यांच्या खाली असेल तर स्वच्छ लोखंड फारसे गंजत नाही. जालन्यात वर्षातले कितीतरी महिने ती तशीच असते. मात्र ही गाडी स्वच्छ लोखंड घेऊन आली नव्हती. समुद्राच्या मिठात सोडियम क्लोराइडबरोबर मॅग्नेशियम क्लोराइडही असते. साधे मीठ हवेतले पाणी ओढून विरघळते ते आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेल्यावर. मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्क्यांनाच. क्लोराइड आयन गंजाच्या थराखाली, धातूला चिकटून बसतात आणि वरवर धुऊन निघत नाहीत. संग्रहालयातल्या जुन्या लोखंडी तलवारी कोरड्या कपाटातही कणाकणाने फुटतात त्या यामुळेच, आणि क्लोराइड काढण्यासाठी त्या महिनोन्‌महिने अल्कली द्रावणात ठेवाव्या लागतात. दरवाजाला कोण तसे ठेवणार? मुंबईत फटीत शिरलेले मीठ गाडीबरोबर गोदाकाठच्या तालुक्यात आले आणि इथल्या कोरड्या हवेतही आपले काम करत राहिले.

म्हणून जुनी गाडी घेताना दरवाजाच्या खालच्या काठावरून आतल्या बाजूने बोट फिरवावे, निचऱ्याची भोके काडीने मोकळी करून पाहावीत, जमल्यास डोअर पॅड काढायला लावावा. वाहनाच्या तपासणीत ब्रेक, दिवे आणि धूर पाहतात, दरवाजाची पोकळी उघडत नाहीत.

असे दरवाजे अखेर भंगारात जातात. जालना शहर तर भंगार वितळवून सळया करण्यासाठीच ओळखले जाते. भट्टीत गंजाचा बराचसा भाग मळीत जातो, म्हणजे तेवढे लोखंड हातचे गेले. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा असेल तर आणखी एक गोष्ट घडते. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते, पोलाद वितळायला सुमारे १५०० अंश लागतात. पत्रा वितळण्याआधीच जस्ताची वाफ होते आणि हवेत तिचा पांढरा धूर बनतो. तो धूर पकडून त्यातले जस्त परत मिळवणे शक्य आहे, आणि जगात काही ठिकाणी ते केलेही जाते.