वेष्टनातून सुटलेल्या गोष्टी



आपल्या घरी पुस्तकाला पाय लागला तर आपण लगेच नमस्कार करतो. पण घरातली सून भर दुपारी पुस्तक घेऊन बसली, की "आज काही काम नाही वाटतं?" असे कोणीतरी म्हणतेच. हातात पूजेची पोथी असेल तर कोणी काही बोलत नाही. गोष्टीचे पुस्तक असले की बाईला आपणहूनच चोरट्यासारखे वाटते. स्त्रीकथा, भक्तकथा, देशकथा आणि राजकथा या चार विकथा टाळाव्यात, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यातून मनाने परस्पर असा अर्थ काढला, की मजेसाठी वाचणे म्हणजे विकथाच.

हा अर्थ आपल्याच पूर्वजांना मान्य नव्हता. त्याचा पुरावा दूर कुठे नाही, आपल्या वऱ्हाडात आहे.

कारंजा लाडला तुमच्यापैकी बऱ्याच जणी जाऊन आल्या असतील. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशी तिथली तीन जुनी मंदिरे. भट्टारकांच्या गाद्यांमुळे तिथे शेकडो वर्षे हस्तलिखिते जमत गेली. श्रुतपंचमीला, म्हणजे ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, शास्त्रे बाहेर काढायची, त्यांची पूजा करायची, नवे वेष्टन घालायचे आणि पुन्हा कपाटात ठेवायची, ही आपली रीत. या रीतीनेच पोथ्या वाळवीपासून वाचल्या, हे खरे. पण अपभ्रंश भाषा कळणारे उरले नव्हते. त्यामुळे पोथीत काय लिहिले आहे, ते पोथीपाशीच राहिले.

1926 मध्ये नागपुरात मध्यप्रांत आणि वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची मोठी सूची छापली गेली. तिच्यामुळे कारंजाच्या भांडारात काय दडले आहे ते अभ्यासकांना कळले. सूची करणारे रायबहादुर हिरालाल वेगळे आणि पुढे ग्रंथ संपादणारे, अमरावतीच्या कॉलेजात संस्कृत शिकवणारे प्रा. हिरालाल जैन वेगळे. नावामुळे नेहमी घोटाळा होतो, म्हणून सांगितले. मग कारंजाच्याच नावाने ग्रंथमाला निघाली. 1931 मध्ये प. ल. वैद्यांनी संपादलेले 'जसहरचरिउ' आले, 1933 मध्ये हिरालालजींचे 'णायकुमारचरिउ' आणि 1934 मध्ये 'करकंडचरिउ'. पुढे 1939 पासून याच हिरालालजींनी अमरावतीहून धवला टीकेसह षट्खंडागम छापायला सुरुवात केली. मूडबिद्रीच्या ज्या ताडपत्रांचे लोक फक्त दर्शन घेत, त्यांतला मजकूर सोळा भागांत सगळ्यांसमोर आला. त्या कामाचे मोल फार मोठे आहे. पण आज मला बोलायचे आहे ते गोष्टींबद्दल.

कारण कारंजाच्या वेष्टनांतून निघाल्या त्या गोष्टी! नागकुमार लहानपणी विहिरीत पडतो आणि नाग त्याला सांभाळतात. पुढे तो हत्ती-घोडे वठणीवर आणतो, सावत्र भावाच्या मत्सरापायी घर सोडतो आणि काश्मीरच्या राजकन्येला वीणावादनात हरवतो. यशोधराच्या कथेतला पिठाचा कोंबडा तर आपल्याला पाठच आहे. पण कुबड्या माहुतावर जीव जडलेली राणी अमृतमती मूळ काव्यात वाचली, तेव्हा पुस्तक खाली ठेवायला सुचेना. विकथा म्हणावे असे यात सगळेच आहे, राजा, राणी, देश, युद्ध, प्रेम. आणि हे रचणारा पुष्पदंत नागकुमाराच्या पराक्रमांमागे पूर्वभवातल्या पंचमीच्या उपवासाचे फळ सांगतो. रस आणि व्रत त्याला वेगळे काढावेसे वाटले नाहीत.

हा पुष्पदंत दहाव्या शतकातला, राष्ट्रकूटांच्या मान्यखेटचा. जन्माने ब्राह्मण, आधी शिवभक्त, नंतर जैन झालेला. स्वभावाने मोठा मानी. दुर्जनांच्या वाकड्या भुवया पाहण्यापेक्षा डोंगरात गवत खाऊन राहीन, असे तो म्हणे. मंत्री भरताने त्याला आग्रहाने घरी ठेवून घेतले आणि महापुराण लिहायला लावले. आदिपुराण संपल्यावर मात्र त्याचे मन लेखनावरून उडाले. मग स्वप्नात सरस्वती आली, भरताने पुन्हा समजूत घातली, तेव्हा कुठे लेखणी हलली आणि 965 मध्ये महापुराण पूर्ण झाले. एवढ्या मोठ्या कवीचाही रस आटतो आणि कोणीतरी शेजारी बसून म्हटल्यावर परत येतो, हे वाचून मला फार बरे वाटले.

माझेही वाचन मुलांच्या शाळा, सासूबाईंचे आजारपण आणि नंतर मोबाईल यांत सुटले होते. 'णायकुमारचरिउ' हिंदी अनुवादासह 1972 मध्ये भारतीय ज्ञानपीठाने पुन्हा काढले. ती प्रत हाती आली, तेव्हा हिंगणीत आम्ही चार-पाच जणींनी एकत्र वाचायचे ठरवले. आपल्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकतात, ओटा पुसून होतो आणि मग केवढी तरी लांब संध्याकाळ उरते. ज्या वेळी बाकीच्या घरांत कुकर लागतो, त्या वेळी आपण मोकळ्या असतो. पूर्वी ही वेळ शास्त्रसभेची होती. एकाने वाचायचे आणि बायकांनी मागे बसून ऐकायचे. आपल्या मराठीत पंधराव्या शतकात ब्रह्म गुणदासांनी ओवीत श्रेणिकचरित्र रचले, तेही असे ऐकता यावे म्हणूनच असणार, असे मला वाटते.

नागकुमाराच्या नऊ संधी. रोज एक असे ठरले होते, पण वीणेच्या स्पर्धेला दोन जणी हट्टाला पेटल्या आणि त्या रात्री दोन संधी झाल्या. हिंदी अडली की माझी जाऊ वऱ्हाडीत सांगते. तिचा नागकुमार "काहून बे?" असे विचारतो, ते मूळ काव्यात नाही!

आता करकंडू सुरू आहे. त्यातले तेरापूर म्हणजे आपले तेर आणि त्यातली लेणी म्हणजे धाराशिवची लेणी, असे हिरालालजींनी दाखवून दिले आहे. तेव्हापासून शेजारच्या काकू धाराशिवला गाडी कधी ठरवायची म्हणून मागे लागल्या आहेत. चातुर्मासाच्या आत जमवावे म्हणते.