वेबसाइट आहे, मग चौकशीचा फोन का येत नाही?

आयटीआयमधून वेल्डरचा ट्रेड केलेला, काही वर्षे दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये राबलेला तरुण एक दिवस स्वतःचे शेड टाकतो. सेफ्टी ग्रील, गेट, रेलिंग, पत्र्याचे शेड अशी कामे घेऊ लागतो. कुणीतरी सांगते, "आजकाल वेबसाइट लागते." साठवलेल्या पैशातून वेबसाइट होते. सहा महिने जातात, पण "तुमची वेबसाइट बघून फोन केला" असे म्हणणारा एकही ग्राहक भेटत नाही.

तरुणांच्या व्यवसाय मार्गदर्शन बैठकांमध्ये ही तक्रार आम्ही वारंवार ऐकतो. त्या वेबसाइट उघडून बघितल्या की कारणे बहुतेक तीच ती निघतात आणि त्यातली बरीचशी फारसा खर्च न करता दूर करता येतात. इथे आम्ही उदाहरण म्हणून नाशिकच्या सातपूर-अंबड भागातले असे एक फॅब्रिकेशन वर्कशॉप डोळ्यांसमोर ठेवले आहे. टेलर, केटरर, छपाईवाले, एसी दुरुस्ती करणारे यांनाही हेच लागू पडते.

वेबसाइट कुणासाठी असते?

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 साली एका निबंधात दाखवले की नवी माहिती आणि नव्या संधी जवळच्या नात्यांपेक्षा लांबच्या, तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त येतात. जवळच्या माणसांना जे माहीत असते, ते आपल्यालाही आधीच माहीत असते. व्यवसायातही तेच घडते. ज्याच्या घरात तीन पिढ्यांचे दुकान आहे, त्याच्यामागे बिल्डर, आर्किटेक्ट, पुरवठादार यांची ओळख उभी असते. घरातला पहिलाच व्यावसायिक असेल तर त्याला वस्तीतली आणि नात्यातली कामे मिळतात आणि ती संपली की हात रिकामे राहतात. पुढची वाढ अनोळखी माणसावर अवलंबून असते.

वेबसाइट ही त्या अनोळखी माणसासाठी असते. तो आपल्याला ओळखत नाही, आपला स्वभाव त्याला ठाऊक नाही. वेबसाइटवर जे दिसते त्यावरूनच फोन करायचा की नाही हे तो ठरवतो. म्हणून वेबसाइट सुधारताना प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारावा: आपल्याला न ओळखणाऱ्या माणसाच्या मनातली शंका इथे कमी होते का?

पहिल्या पडद्यावर तीन गोष्टी

बहुतेक वेबसाइट "आमच्या वेबसाइटवर आपले स्वागत आहे" किंवा "गुणवत्ता हेच आमचे ध्येय" अशा वाक्याने सुरू होतात. त्यातून ग्राहकाला काहीच कळत नाही. मोबाइलवर वेबसाइट उघडताच, बोट न सरकवता, काम काय, कोणत्या भागात आणि संपर्क कुठे हे तीन मुद्दे दिसले पाहिजेत. उदाहरणार्थ: "सेफ्टी ग्रील, गेट आणि पत्र्याचे शेड. सातपूर, सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा परिसरात घरी येऊन माप घेतो." त्याखाली फोनचे बटण.

दर सांगावा की नाही?

"दर लिहिला तर गिऱ्हाईक पळेल, शेजारचा वर्कशॉपवाला दर पाडेल," अशी भीती असते. पण दराचा काहीच अंदाज नसेल तर अनोळखी माणूस फोन करायला बिचकतो. नेमका आकडा देता येत नसेल तर दर कसा ठरतो ते लिहावे: काम किलोवर आहे की चौरस फुटावर, रंग आणि फिटिंग त्यात धरले आहे का, वाहतूक वेगळी आहे का, ॲडव्हान्स किती टक्के, काम किती दिवसांत. लोखंडाचे भाव बदलतात, म्हणून कोटेशन किती दिवस लागू राहील हेही सांगावे.

मालाबद्दलही स्पष्ट लिहावे. स्टेनलेस स्टीलच्या रेलिंगमध्ये 304 ग्रेड महाग आणि गंजाला जास्त टिकणारा, 202 स्वस्त पण गंजाला कमी टिकणारा. हा फरक दोन ओळींत समजावून "बिलावर ग्रेड लिहून देतो" असे जाहीर केले, तर कोणत्याही घोषवाक्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

फोटो आपल्याच कामाचे

इंटरनेटवरून उचललेले चकचकीत बंगल्यांचे फोटो ग्राहकाला ओळखू येतात. त्याऐवजी स्वतः केलेल्या आठ-दहा कामांचे फोटो टाकावेत, मोबाइलवर काढलेले चालतात. प्रत्येकाखाली एक ओळ: काम काय, कोणता भाग, किती दिवस लागले. ग्राहकाच्या घराचा फोटो टाकण्याआधी त्याला विचारावे आणि घर क्रमांक दिसू देऊ नये. वर्कशॉपचा बाहेरून काढलेला फोटो आणि पूर्ण पत्ता जरूर द्यावा. उद्यम नोंदणी किंवा जीएसटी क्रमांक असेल तर तोही लिहावा. काम बिघडले तर हा माणूस सापडेल, एवढा भरवसा त्यातून मिळतो.

चौकशीची वाट सोपी करा

फोन नंबर चित्रात छापलेला असेल तर त्यावर बोट ठेवून फोन लागत नाही. तो मजकूर म्हणून टाकावा आणि दाबताच फोन लागेल अशी लिंक करून घ्यावी. व्हॉट्सॲपच्या थेट लिंकमध्ये आधी देशाचा कोड 91 आणि मग दहा अंकी नंबर लागतो. त्यात अधिक चिन्ह, सुरुवातीचा शून्य किंवा मोकळी जागा ठेवू नये. आपल्या फोनवरून नव्हे, मित्राच्या फोनवरून ती तपासून बघावी.

चौकशीच्या फॉर्ममध्ये नाव, मोबाइल, परिसर आणि काय काम आहे, एवढे चार रकाने पुरेत. जन्मतारीख, ईमेल, पूर्ण पत्ता मागितला की माणूस फॉर्म अर्धवट सोडतो. फॉर्मखाली लिहावे: "हा नंबर फक्त या चौकशीसाठी वापरू." डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, 2023 यामागचे तत्त्वही तेच आहे: ज्या कामासाठी माहिती घेतली, त्याच कामासाठी ती वापरावी. चौकशी करणाऱ्याला न विचारता जाहिरातीच्या ग्रुपमध्ये टाकू नये.

मोबाइल आणि वेग

गुगल आता वेबसाइटची मोबाइलवरची आवृत्ती पाहूनच तिची नोंद घेते. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, हा गुगलचा चांगल्या वेगाचा निकष आहे. पेजस्पीड इनसाइट्स या मोफत साधनात पत्ता टाकला की आपला वेग कळतो. पान रेंगाळण्याचे नेहमीचे कारण म्हणजे फोनमधून थेट चढवलेले चार-पाच एमबीचे फोटो. ते लहान करून दोनशे केबीच्या आसपास आणावेत. ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी "सुरक्षित नाही" असे दिसत असेल तर होस्टिंगवाल्याकडून एसएसएल सुरू करून घ्यावे. बऱ्याच ठिकाणी ते मोफत मिळते.

शोधात सापडणे

मराठी मजकूर युनिकोडमध्येच हवा. छपाईच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवला किंवा पत्रकाचे चित्र करून टाकले, तर "सिडकोत ग्रील बनवणारे" असे शोधणाऱ्याला आपले पान सापडणे अवघड. प्रत्येक कामासाठी वेगळे पान करावे: ग्रीलचे वेगळे, शेडचे वेगळे. लोक बोलतात तेच शब्द त्यात वापरावेत.

त्याबरोबर गुगल बिझनेस प्रोफाइल तयार करावे, ते मोफत आहे. जवळपासचे व्यवसाय दाखवताना गुगल तीन गोष्टी बघते: शोधाशी जुळणी, अंतर आणि व्यवसायाची प्रसिद्धी. प्रोफाइल आणि वेबसाइट दोन्हीकडे नाव, पत्ता, फोन आणि वेळ तंतोतंत सारखी ठेवावी.

काम पूर्ण झाल्यावर ग्राहकाला अभिप्राय लिहिण्याची विनंती जरूर करावी. पण सूट देऊन अभिप्राय घेणे किंवा मित्रांकडून खोटे लिहून घेणे गुगलच्या नियमांविरुद्ध आहे. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोनेही 2022 मध्ये आयएस 19000 हे मानक आणले. नाराज ग्राहकाने लिहिले तर भांडू नये. चूक मान्य करून काय दुरुस्त केले ते उत्तरात लिहावे. पुढचा अनोळखी ग्राहक ते उत्तरही वाचतो.

मालकी स्वतःची

डोमेन वेबसाइट बनवणाऱ्याच्या नावावर आणि पासवर्डही त्याच्याचकडे असेल, तर त्याने फोन उचलणे बंद केले की वेबसाइट हातची जाते. डोमेन स्वतःच्या ईमेलवर नोंदवावे, नूतनीकरणाची तारीख लिहून ठेवावी, सर्व पासवर्ड आपल्याकडे असावेत. फुकटच्या सोयीवर पूर्ण भार टाकण्यातही धोका असतो. गुगलने बिझनेस प्रोफाइलबरोबर दिलेल्या मोफत वेबसाइट मार्च 2024 मध्ये बंद केल्या.

वही ठेवा, फोन उचला

सुधारणा उपयोगी पडली का, हे अंदाजाने कळत नाही. एक वही ठेवावी: तारीख, चौकशी कशाची, आमच्याबद्दल कुठून कळले, किती वेळात उत्तर दिले, काम मिळाले का. गुगल सर्च कन्सोल या मोफत साधनात लोक कोणते शब्द शोधून आपल्यापर्यंत आले तेही दिसते. एका वेळी एकच बदल करून महिनाभर वही बघावी.

बऱ्याचदा असेही आढळते की चौकशी आली होती, पण ग्राइंडरच्या आवाजात फोन ऐकू आला नाही आणि परत केलाच गेला नाही. तीन वर्कशॉपना फोन लावणाऱ्याचे काम बहुधा आधी बोलणाऱ्याला मिळते. दुपारच्या सुट्टीत आणि संध्याकाळी सुटलेले फोन परत करायचे, एवढा नियम घरातल्या कुणाच्या मदतीने पाळता येतो.

सगळे एकदम जमणार नाही. येत्या रविवारी एवढेच करा: मित्राच्या मोबाइलवर आपली वेबसाइट उघडा आणि त्याला काही न सांगता विचारा, "काम काय करतो, कुठे करतो, फोन कुठे लावायचा?" त्याला ज्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही, तिथून दुरुस्ती सुरू करा. ज्या कार्यकर्त्यांना संगणकाची जाण आहे, त्यांनी आपल्या भागातल्या एका व्यावसायिकासोबत त्यासाठी दोन तास बसावे.