मेंदूतील गाठ आणि स्वभावबदल

मेंदूत गाठ (अर्बुद) वाढल्याने किंवा तिच्यावरील उपचारांमुळे रुग्णाच्या वागण्यात, भावनांत आणि निर्णयशक्तीत होणारा पालट. डोकेदुखी, उलट्या, फिट ही गाठीची परिचित लक्षणे. परंतु कपाळामागच्या ललाटखंडाशी हळूहळू वाढणारी गाठ, विशेषतः मेंदूच्या आवरणातून निघणारा मेनिंजिओमा, पुष्कळ काळ केवळ स्वभावातूनच बोलते. उत्साही माणूस आंघोळीचाही कंटाळा करतो; भिडस्त माणूस चारचौघांत वाटेल ते बोलून जातो. रुग्णाला स्वतःला हे बहुधा जाणवत नाही, घरच्यांना आधी जाणवते. त्याला आळशी, हट्टी किंवा खचलेला ठरवले जाते आणि निदान लांबते. म्हणून घरच्यांचे सांगणे ही तक्रार न मानता रोगाची माहिती म्हणून नोंदले गेले पाहिजे.

कॅनडातील मेंदूशल्यविशारद वाइल्डर पेनफील्ड यांनी १९२८ मध्ये आपली बहीण रूथ हिच्या उजव्या ललाटखंडाचा मोठा भाग गाठीसह काढला. तिची स्मृती आणि बोलणे शाबूत राहिले. सुमारे सव्वा वर्षाने तिने भावासह पाच जणांसाठी साधे जेवण करायचे ठरवले. दिवसभर वेळ होता, सामान समोर होते. तरी जेवणाच्या वेळी एक-दोन पदार्थच शेगडीवर होते, मांसाला हात लागला नव्हता आणि ती गोंधळून रडकुंडीला आली होती. भावाने थोडी मदत करताच स्वयंपाक सहज पुरा झाला. हरवली होती ती कामांचा क्रम आपणहून लावण्याची शक्ती. गाठ पुन्हा वाढून १९३१ मध्ये ती वारली. पेनफील्ड यांनी ही हकिकत १९३५ च्या शोधनिबंधात मांडली.

औषधांचाही वाटा असतो. सूज उतरवणाऱ्या डेक्सामेथासोनने झोप उडते, चिडचिड होते, क्वचित उन्मादही होतो. फिटवरील लेव्हेटिरॅसिटमने काहींना अनावर राग येतो. डॉक्टरांनी मात्रा किंवा औषध बदलल्यास हे बहुधा ओसरते; मनाने गोळ्या थांबवणे मात्र धोक्याचे. किरणोपचारांनंतरचे मांद्य, विसरभोळेपणा आणि उदासीनता काही वेळा वर्षांनी दिसतात. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रात कमी आक्रमक गाठी असलेल्या २०० मुला-तरुणांवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. गाठीपुरते नेमके रोखलेले किरण दिलेल्यांची बौद्धिक क्षमता पाच वर्षांच्या पाहणीत जुन्या पद्धतीपेक्षा चांगली टिकलेली आढळली.