मिरवणूक कोणत्या गल्लीतून जाणार?

अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या पाहायला अर्धे इंदूर रस्त्यावर असते. त्या कोणत्या रस्त्याने येणार, हे आपल्याकडचे लहान मूलही सांगेल. पण याच शहरात एकदा मिरवणुकीचा मार्ग घरांच्या दुरुस्तीवरून ठरला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. वाडा विकावा, पाडावा की दुरुस्त करावा, हा वाद आज आपल्यातल्या अनेक घरांत चालू आहे. म्हणून ती हकीकत पुन्हा सांगावीशी वाटते.

१८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली. दरबारच्या चाकरीसाठी दक्षिणेतून आलेल्या अनेक कुटुंबांनी राजवाड्याच्या आसपास घरे बांधली. सागवानी खांब, वीट-चुन्याच्या भिंती, मधे चौक, वर कवेलू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कापडगिरण्या वाढल्या, माणसे वाढली आणि वाड्यांत बिऱ्हाडे भरली. भाडे ही घरमालकाची पुंजी झाली. पाठोपाठ दाटी, घाण आणि प्लेगही आला.

अशा वेळी तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला बोलावले. मुळात तो जीवशास्त्रज्ञ. १९१७ च्या दिवाळीत त्याने एक मोठी मिरवणूक योजली आणि जाहीर केले की ती नेहमीच्या ठरलेल्या मार्गाने जाणार नाही. ज्या गल्ल्यांत सर्वांत जास्त घरे साफ आणि दुरुस्त झालेली दिसतील, तिथून जाईल. मग काय! भिंती रंगल्या, कचऱ्याच्या गाड्या भरभरून बाहेर गेल्या. मिरवणुकीत लक्ष्मी होती, प्लेगचा भलामोठा उंदीर होता, आणि स्वच्छ कपडे घालून, फुले माळून सफाई कामगारही मानाने चालले होते. शेवटी घाणीच्या राक्षसाचे आणि उंदराचे दहन झाले. जे काम दंडाने झाले नसते, ते उत्सवाने झाले.

गेडिसचा इंदूरवरचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये निघाला. जुन्या वस्तीबद्दल त्याचे सांगणे वैद्यासारखे होते: आधी रोगी तपासा, मग कापा, आणि कापायचे तेवढेच कापा. गल्ली पायी फिरून एकेक घर पाहा. अगदी मोडकळीला आलेली थोडी घरे काढा, त्या जागी हवा-उजेड येऊ द्या, बाकीची दुरुस्त करा. सरसकट पाडून रुंद रस्ते काढले, तर खर्च कितीतरी जास्त होतो आणि उठवलेली माणसे दुसऱ्या वस्तीत जाऊन तिथली दाटी वाढवतात.

मग आपले वाडे का खचले? सगळा दोष काळाला देता येणार नाही. मध्य प्रदेशच्या १९६१ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांचे प्रमाण भाडे १ जानेवारी १९४८ च्या भाड्याशी बांधले. भाडेकरूला आधार मिळाला, आणि तो त्याला हवाच होता. पण त्या भाड्यात कवेलू फेरणेही मालकाला परवडेना. मालक म्हणे भाडे वाढवा, भाडेकरू म्हणे आधी छत गळते ते पाहा. दोघेही खरे बोलत होते, आणि पाणी मात्र भिंतीत मुरत होते. पुढे वारस वाढले. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतकाच हक्क मिळाला, हे न्याय्यच झाले. पण पुण्या-मुंबईला आणि परदेशी पांगलेल्या दहा जणांची सही एका कागदावर आणणे सोपे नाही. बिल्डर नेमके तेच करून देतो, म्हणून तो जिंकतो.

आम्हाला वाटते, विकण्याआधी गेडिसप्रमाणे घर एकदा तपासून घ्यावे. पाणी कुठून शिरते? खांबाचा पाया कुजला आहे की फक्त वरचे लाकूड? चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला असेल, तर ओल आत कोंडते. तो काढून पुन्हा चुनाच द्यावा. वारसांनी हिस्से लेखी ठरवावेत, भाड्याचा ठरावीक भाग दुरुस्तीसाठी वेगळ्या खात्यात टाकावा, आणि हिशेब दरवर्षी सर्वांना पाठवावा. एवढे करूनही घर वाचणार नसेल, तर ते विकण्यात कमीपणा नाही. पण तो निर्णय तपासणीनंतरचा असावा, कंटाळ्यातून झालेला नसावा.

१९८४ च्या आगीत आपला राजवाडाही होरपळला होता. तो पुन्हा उभा राहिला, कारण तो सगळ्या शहराचा होता. आपल्या वाड्यांना एवढे मोठे धनी नाहीत. त्यांना आपणच आहोत, आणि गणपतीच्या निमित्ताने सगळी भावंडे एका छताखाली येतात ते हेच दहा दिवस. आरती झाल्यावर, पानाच्या तबकाशेजारी, घराचे कागदही काढून बसावे.