मल्लखांबाचा विकास

मल्लखांब हा कुस्तीगिरांची पकड, ताकद आणि चपळता वाढवण्यासाठी रूढ झालेला व पुढे स्वतंत्र क्रीडाप्रकार बनलेला भारतीय व्यायामप्रकार आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या १२ व्या शतकातील 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात मल्लांच्या खांबावरील व्यायामाचा उल्लेख येतो.

त्याच्या पुनरुज्जीवनाचे श्रेय पुण्यात दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या (कारकीर्द १७९६–१८१८) पदरी असलेले मल्ल बाळंभटदादा देवधर यांना दिले जाते. निजामाच्या राज्यातून आलेल्या अली व गुलाब या पहिलवानांशी लढण्यापूर्वी वणीच्या सप्तशृंग गडावर माकडांच्या हालचाली पाहून त्यांना ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे.

मूळ हेतू मात्र आख्यायिकेवाचूनही स्पष्ट होतो. येथे खांब प्रतिस्पर्ध्याची जागा घेतो. वर निमुळत्या होत जाणाऱ्या लाकडी खांबाला एरंडेल लावलेले असल्याने घसरणारे शरीर मांड्या, पोटऱ्या व हातांच्या आवळीने सावरावे लागते. 'अढी' ही त्यातली पायाची पकड. पॉवरलिफ्टिंगमध्ये दांड्यावरील वजन वाढवत नेतात. मल्लखांबात भार स्वतःच्या शरीराचाच राहतो आणि आधार कमी करत गेल्याने काठिण्य वाढते.

पुरलेल्या मल्लखांबाखेरीज टांगता व वेताचा असे प्रकार रूढ झाले. पुढे वेताऐवजी सुती दोर आला. १९८१ मध्ये राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि २०१९ मध्ये मुंबईत पहिली जागतिक स्पर्धा झाली. स्पर्धेत गुण मिळतात ते काठिण्य व सफाईला. कुस्तीतील उपयोगाला तेथे स्थान नाही.