‘‑करी’ आणि ‘स्वयंसेवक’ : खंडित वारीच्या पुनरारंभासंबंधी एक विचार

एखादा लोकोत्सव काही काळ खंडित होऊन पुन्हा सुरू झाला, म्हणजे त्याचे श्रेय सामान्यतः लोकांच्या श्रद्धेस किंवा उत्साहास दिले जाते. हे स्पष्टीकरण खोटे नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास ते पुरेसे वाटू नये. श्रद्धा आणि उत्साह ही प्रेरणा झाली. प्रेरणा टिकून राहिली तरी स्वयंपाकाची भांडी कोणी वाहावयाची, मुक्कामाची जागा कोणी आखावयाची, चुकलेल्या माणसास कोणी शोधावयाचे, या प्रश्नांची उत्तरे तिच्यातून आपोआप मिळत नाहीत. ही उत्तरे ज्यांना ठाऊक असतात, त्या बिनमोबदला राबणाऱ्या माणसांची व्यवस्था शाबूत असेल, तरच उत्सव परत येतो. प्रस्तुत लेखात या व्यवस्थेचा विचार आषाढी वारीच्या उदाहरणावरून करावयाचा आहे. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी करोनाच्या साथीमुळे पायी वारी होऊ शकली नाही. २०२२ मध्ये ती पूर्ववत् निघाली. हा खंड आणि हा पुनरारंभ, दोन्ही आपल्या डोळ्यांसमोर घडलेले असल्याने त्यांच्या परीक्षणास विशेष सोय आहे.

१

विचाराचा आरंभ शब्दांपासून करणे सोयीचे होईल. वारीत निरनिराळी कामे करणाऱ्यांची जी नावे आहेत, त्यांपैकी बरीच एकाच प्रत्ययाने घडलेली आहेत : वारकरी, माळकरी, टाळकरी, विणेकरी, मानकरी, सेवेकरी. या ‘‑करी’ प्रत्ययाचा अर्थ ‘करणारा’ असा वरवर दिसतो. पण टाळकरी टाळ करीत नाही, माळकरी माळ करीत नाही. वारीबाहेरचे शब्द घेतले, तर हे अधिकच स्पष्ट होते. वाटेकरी, देणेकरी, पहारेकरी, गावकरी या शब्दांत एखादी सुटी क्रिया सांगितलेली नसून माणसाचा एखाद्या वस्तूशी, हक्काशी, बंधनाशी किंवा स्थळाशी असलेला स्थायी संबंध सांगितलेला आहे. एकदा टाळ हाती धरल्याने कोणी टाळकरी होत नाही आणि एक रात्र जागल्याने कोणी पहारेकरी होत नाही. निदान या शब्दसमूहापुरते असे म्हणता येईल की, ‘‑करी’ हा कृतीचा नव्हे, तर नात्याचा प्रत्यय आहे.

‘वारी’ या शब्दातही हीच पुनरावृत्तीची कल्पना आहे. वारी म्हणजे नेमाने केलेली फेरी. म्हणून वारकऱ्याच्या बोलण्यात वारी ‘चुकते’ किंवा ती ‘पोचती केली’ जाते. चुकणे ही कल्पना नेमाशिवाय संभवत नाही. ज्याचा नेम नाही, त्याचे काही चुकतही नाही.

याच्या शेजारी ‘स्वयंसेवक’ हा शब्द ठेवून पाहावा. हा तत्सम सामासिक शब्द ‘व्हॉलंटिअर’ या इंग्रजी शब्दास पर्याय म्हणून आधुनिक सार्वजनिक जीवनात रुळला. सभा-अधिवेशने, दुष्काळ व प्लेग यांतील मदतकार्य आणि नव्या सामाजिक संस्था, हे त्याचे वातावरण होय. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये पुण्यास भारत सेवक समाज स्थापन केला. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यास सेवासदनाचे कार्य सुरू झाले. १९११ मध्ये ना. म. जोशी यांनी मुंबईस सोशल सर्व्हिस लीग काढली. १९२३ मध्ये डॉ. ना. सु. हर्डीकर यांचे हिंदुस्थानी सेवादल, १९२५ मध्ये नागपुरास राष्ट्रीय स्वयंसेवक संघ, १९४१ मध्ये राष्ट्र सेवा दल, अशी ही नामावली वाढत गेली. या संस्थांचे विचार परस्परांहून अत्यंत भिन्न, क्वचित् परस्परविरोधीही होते. तथापि, ‘सेवा’ हा जुना भक्तिमार्गी शब्द देवापासून समाजाकडे आणि राष्ट्राकडे वळविण्याचे काम त्या सर्वांनी केले. ‘स्वयं’ या पदाने त्यात नवी भर घातली ती इच्छेची. सेवेकऱ्याची सेवा त्याच्याकडे चालत आलेली असते. स्वयंसेवक ती आपण होऊन पत्करतो. जे आपण होऊन पत्करले, ते आपण होऊन सोडताही येते. हा या शब्दाचा गुण आहे आणि मर्यादाही.

२

आता वारीची प्रत्यक्ष रचना पाहू. तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी देहूहून पालखीची प्रथा १६८५ च्या सुमारास सुरू केली, असे मानले जाते. त्या सोहळ्यात ज्ञानेश्वर महाराजांच्याही पादुका नेल्या जात. पुढे शिंदे सरकारच्या पदरी असलेल्या हैबतराव बाबा आरफळकर यांनी आळंदीहून स्वतंत्र सोहळा उभा केला. त्याचे वर्ष सामान्यतः १८३२ असे दिले जाते. हैबतबाबा हे लष्करी शिस्तीतून आलेले गृहस्थ होते आणि सोहळ्याच्या रचनेवर त्या शिस्तीचा ठसा उमटलेला आहे. रथाच्या पुढील व मागील दिंड्यांना क्रम ठरवून दिलेले आहेत. अंकलीच्या शितोळे सरदारांकडून अश्व येतात. रथास बैल जोडण्याचा मान आळंदीतील घराण्यांकडे पाळीपाळीने जातो.

प्रत्येक दिंडी हे एक स्वतंत्र बिऱ्हाडच असते. तिची भिशी असते, म्हणजे जेवणखर्चाची वर्गणी ठरलेली असते. सामान आणि आचारी पुढच्या मुक्कामी आधी पोचतात. विणेकरी कोण, पखवाज कोणाकडे, पताका कोणाच्या खांद्यावर, डोक्यावर तुळस घेऊन कोण चालणार, हे निघण्यापूर्वीच ठरलेले असते. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरांचे अंतर जवळजवळ तीन आठवड्यांत चालावयाचे असते. सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी ही मुक्कामाची गावे आहेत. वाटेवरच्या गावांनाही आपापली कामे ठाऊक असतात. कोठे पाणी, कोठे भाकरी-पिठले, कोठे पादत्राणांची दुरुस्ती, कोठे पायांना तेल लावणे. मदतीचे हे प्रकार गावोगावच्या अंगवळणी पडलेले आहेत.

या व्यवस्थेत तक्रारीची सोयही केलेली आहे आणि अभ्यासकाने तिकडे अवश्य लक्ष द्यावे. सायंकाळी तळावर समाजआरतीस सर्व दिंड्या जमतात. चोपदार आपला चोप उंचावतो आणि सर्व टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल, ती मात्र टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिच्यापाशी जाऊन गाऱ्हाणे ऐकतो. त्याची वासलात लागली म्हणजे तेथील टाळ थांबतात. त्यानंतर हरवल्या-सापडल्याची निवेदने, दुसऱ्या दिवशीच्या वेळा आणि मग आरती. लाखोंच्या समुदायात लेखी अर्जावाचून चालणारी ही न्यायव्यवस्था कोणत्याही ग्रंथातून शिकता येत नाही. ती तळावर उभे राहूनच शिकावी लागते. वारीतील बहुतेक ज्ञान अशाच स्वरूपाचे आहे.

३

असे असल्यामुळे २०२० आणि २०२१ या वर्षी नेमके काय खंडित झाले, हे काळजीपूर्वक पाहिले पाहिजे. धर्मविधी खंडित झाला नाही. २०२० मध्ये प्रस्थान मोजक्या मंडळींत झाले, पादुका आळंदीतच राहिल्या आणि ३० जून रोजी त्या एसटी बसने पंढरपुरास नेण्यात आल्या. दुसऱ्या दिवशी, १ जुलैस, आषाढी एकादशी होती. २०२१ मध्येही पादुका बसनेच गेल्या. सांप्रदायिक भाषेत सांगावयाचे, तर वारी पोचती झाली. तरीही वारी झाली, असे वारकऱ्यांस वाटले नाही. यातील विरोधाभास केवळ भावनेचा नाही. पोचणे झाले, चालणे झाले नाही. आणि वारीचे सारे मनुष्यबळ, सारी कामांची वाटणी ही चालण्याभोवती रचलेली आहे.

या मुद्द्यास जुना आधारही आहे. कुर्डुवाडीहून पंढरपुरास बार्शी लाइट रेल्वेची गाडी १९०६ मध्ये सुरू झाली. केवळ दर्शनच साधावयाचे असते, तर त्या वर्षापासून पायी दिंड्या हळूहळू विरून जावयास हव्या होत्या. तसे झाले नाही. आगगाडीने यात्रेकरूंची संख्या वाढविली, पण वारकऱ्यांस वाटेवरून उतरविले नाही. कारण वाट हीच त्यांच्या नात्यांची जागा होती. आगगाडीत विणेकऱ्यास विशेष स्थान नाही, आणि वाल्ह्याच्या किंवा तरडगावच्या गावकऱ्यास तर मुळीच नाही. १९०६ मध्ये जे ऐच्छिक होते, ते २०२० मध्ये सक्तीचे झाले, एवढाच फरक.

जून २०२२ मध्ये पालख्या पुन्हा पायी निघाल्या आणि १० जुलैच्या आषाढीस पंढरपुरास पोचल्या. दोन वर्षांच्या खंडानंतर दिंड्यांना आपले क्रम शोधावे लागले नाहीत. ते ठरलेलेच होते. ज्या कामास नाव आहे आणि ज्या नावास धनी आहे, ते काम दोन वर्षे स्वस्थ राहिले तरी नाहीसे होत नाही. विणेकरी घरी बसला तरी विणेकरीच असतो. ‘‑करी’ या प्रत्ययातील स्थायी संबंधाचा ऐतिहासिक उपयोग येथे दिसून येतो.

सार्वजनिक गणेशोत्सवाची वाट याच काळात थोडी निराळी होती. तेथे काम करणारा ‘कार्यकर्ता’ असतो आणि त्याचे नाते एका विधीपेक्षा मंडळाशी अधिक असते. २०२० मध्ये लालबागच्या मंडळाने मूर्ती न बसविता आरोग्योत्सव केला आणि रक्तदान व रक्तद्रवदान यांची व्यवस्था लावली. उत्सव नसतानाही माणसे एकत्र राहिली, कारण त्यांना दुसरे काम मिळाले. म्हणजे खंडकाल ओलांडण्याचे दोन मार्ग दिसतात : वारीने नात्यावर भर दिला, मंडळांनी कामात पालट केला. दोन्हींत एक गोष्ट समान आहे. माणसे सुटी झाली नाहीत.

४

येथपर्यंतच्या विवेचनावरून जुनी नाती सर्वथा श्रेष्ठ आणि नवी स्वेच्छा दुबळी, असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो इतिहासास धरून होणार नाही. ज्या ‘माना’मुळे काम टिकते, त्याच मानामुळे दुसऱ्यास दाराबाहेर ठेवताही येते. इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात वारीचा जो अनुभव नोंदविला आहे, त्यात एकाच वाटेने, एकच भजन म्हणत चालणारी माणसे जेवावयास मात्र जातीनिहाय वेगळी बसत, हे शल्य स्पष्ट दिसते. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांस मोकळे व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये दहा दिवस उपोषण करावे लागले. मंदिरातील सेवेकऱ्यांचे वंशपरंपरागत हक्क रद्द करणारा कायदा १९७३ मध्ये झाला आणि त्यासंबंधीचा वाद सर्वोच्च न्यायालयात जानेवारी २०१४ मध्ये संपला.

‘स्वयंसेवक’ या शब्दाचे ऐतिहासिक कार्य या पार्श्वभूमीवर नीट कळते. त्याने कुळ विचारले नाही, इच्छा विचारली. ज्याच्या घराण्यात कोणताही मान नव्हता, त्यासही सार्वजनिक कामात उभे राहण्यास त्याने जागा दिली. ही मिळकत लहान नव्हे आणि ती गमावून परंपरेचे सातत्य विकत घेणे कोणासही परवडणारे नाही.

प्रश्न असा उरतो की, स्वयंसेवकाचे मोकळेपण आणि सेवेकऱ्याचे सातत्य यांचा मेळ कसा घालावा? विद्यापीठांच्या दृष्टीने हा केवळ तात्त्विक प्रश्न नाही. राष्ट्रीय सेवा योजना गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. आज तिचे विद्यार्थी वारीच्या वाटेवर स्वच्छतेसारखी कामे करताना दिसतात. या योजनेत विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास काम करावे आणि सात दिवसांच्या विशेष शिबिरात भाग घ्यावा, अशी अपेक्षा असते. सेवेचे हे तासांतील मोजमाप हिशेबास सोयीचे आहे. परंतु दोन वर्षे पुरी होताच विद्यार्थी जातो आणि त्याच्याबरोबर त्याने शिकलेलेही जाते. कोणत्या गावी पाण्याची सोय अपुरी पडली, कोणत्या तळावर चिखल होतो, कोणत्या घरी वृद्ध वारकऱ्यास हक्काने टेकता येते, हे पुढच्या तुकडीस पुन्हा प्रथमपासून शिकावे लागते. साथीच्या दोन वर्षांत तर महाविद्यालयांतील एक संपूर्ण तुकडी वाट न पाहताच बाहेर पडली. दिंडीची स्मृती दोन वर्षे तग धरू शकली. तुकडीची स्मृती मुळातच दोन वर्षांची आहे.

यावर उपाय दिंडीच्या रचनेतच सुचविलेला आहे. स्थायी संबंध व्यक्तीशीच असला पाहिजे किंवा तो जन्मानेच आला पाहिजे, असे नाही. तो समूहाशी असू शकतो. एखाद्या महाविद्यालयाने वाटेवरील एकच गाव आपले मानावे, दर आषाढीस तेथेच जावे, मागील तुकडीने पुढील तुकडीस तळावर उभे राहून काम दाखवावे आणि गावची वही वर्षानुवर्षे लिहीत जावी, तर विद्यार्थी बदलत राहूनही काम बदलणार नाही. त्या वहीत कामांबरोबर कामांची नावेही टिपली जावीत. भाषेच्या अभ्यासकास ती अमोल सामग्री होईल, कारण अशी नावे कोशात पोचण्यापूर्वीच बहुधा नाहीशी होतात. मग त्या गावचे लोक या विद्यार्थ्यांस स्वयंसेवक न म्हणता त्यांच्यासाठी ‘‑करी’ लावलेला एखादा नवा शब्द आपण होऊन घडवितील काय, हे मात्र कोणत्याही परिपत्रकाने ठरविता येणार नाही. तो शब्द गावाने द्यावयाचा असतो, आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्यासच तो मिळतो.